नर्तकी नव्हतीच ती

मी लंडनमध्ये प्राचीन मातीकामाच्या जतनाचं काम करते. त्या सकाळी एका खासगी संग्राहकाची पुतळी टेबलावर आली. चीनच्या पश्चिम हान काळातली, म्हणजे 2000 वर्षांहून जुनी. हातभर उंच, पायघोळ झगा, एक लांबलचक बाही खांद्यावरून मागे भिरकावलेली. कागदोपत्री ‘नर्तकी’. सोबत थर्मोल्युमिनेसन्सचा, म्हणजे माती कधी भाजली ते सांगणाऱ्या चाचणीचा, दाखला : माती भाजली गेली ती हान काळातच. मालकांना फक्त बाहीवरची बारीक चीर बुजवून हवी होती.

मला खटकली तिची कंबर. श्यूचोऊच्या राजथडग्यातल्या नर्तकी पाहा, गुडघ्यात वाकलेल्या, धड एका अंगाला झुकलेलं. ही मात्र पाहुण्यांपुढे तबक घेऊन उभी असावी तशी सरळसोट.

एक्स-रे काढला. धड पोकळ, साच्यातून काढलेल्या पुढच्या-मागच्या भागांचा सांधा स्पष्ट, बोटांनी माती दाबल्यामुळे जाडी कमी-जास्त. सगळं जसं असायला हवं तसं. बाहीत मात्र धातूची सळई! अतिनील दिव्याखाली खांद्याभोवती राळेचा निळसर पट्टा चमकला. ॲसिटोनचा बोळा फिरवला, तर बाहीचा ‘प्राचीन’ तांबडा रंग बोळ्यावर आला. हान पुतळ्यांचा रंग भट्टीनंतर पांढऱ्या अस्तरावर लावलेला असतो. तो ॲसिटोनला सहसा दाद देत नाही, त्याला भीती पाण्याची.

दाखला खोटा नव्हता, बरं का. चाचणीसाठी मातीची भुकटी झग्याच्या तळातून घेतलेली, आणि तळ अस्सलच. चाचणी जिथं भोक पाडाल तिथलंच सांगते, हे बनवाबनवी करणाऱ्यांना आपल्यापेक्षा चांगलं ठाऊक असतं.

मालकांना विचारून बाही उतरवली. दुसरीही तसलीच निघाली. खालचा जुना तुटका काठ वर जात नव्हता, पुढे पोटाकडे वळत होता. आणि पोटावर, हात जिथं टेकले असणार तिथं, घासून सपाट केलेला खडबडीत डाग. बाह्यांत हात घालून अदबीनं उभी असलेली सेविका होती ती. थडग्यांत सेविका पुष्कळ, नर्तकी मोजक्या. भाव कुणाला, ते सांगायला नको.

‘‘बाही परत चिकटवता येईल ना?’’ मालकांनी विचारलं. येते. पण मी ती चिकटवणार नव्हते, आणि तसं सांगितलं. ते चिडले, मग अहवाल मागितला. त्यात ‘सेविका, दोन्ही हात गहाळ’ असं लिहून बाह्या वेगळ्या खोक्यात, चिठ्ठी लावून त्यांच्या हवाली केल्या.