करवान म्हणजे बुलबुल नव्हे: अमीना रिझ्क पाहताना

इजिप्तच्या अभिनेत्री अमीना रिझ्क यांचं काम पहिल्यांदाच पाहणार असाल, तर ‘दुआ अल-करवान’पासून, म्हणजे ‘करवानाच्या हाके’पासून, सुरुवात करा. ताहा हुसेन यांच्या कादंबरीवर हेन्री बरकात यांनी १९५९ साली केलेला चित्रपट. शोधताना घोळ होतो, कारण इंग्रजी नावात कधी नायटिंगेल असतं, कधी कर्ल्यू. चित्रपट एकच. आणि करवान म्हणजे बुलबुल नव्हेच, तो आपला करवानक. पुण्याच्या आसपासच्या माळांवर रात्री ओरडतो तोच, पिवळ्या बटबटीत डोळ्यांचा. गोड गळ्याचा पक्षी मनात धरून बसलात तर त्या हाकेतला कापरा सूर हाती लागत नाही.

दुसरा घोळ सबटायटल्सचा. अरबीत ‘खाल’ म्हणजे मामा आणि ‘अम्म’ म्हणजे काका. इंग्रजीत दोघेही अंकल. नवऱ्याच्या खुनानंतर गावाबाहेर काढलेली आई, तिच्या दोन मुली, आणि थोरल्या हनादीला आईच्या देखत मारणारा खाल. नुसतं ‘अंकल’ वाचलं तर कुणीतरी नातेवाईक वाटतो. मामा म्हटलं की मग आईच्या चेहऱ्यावरून नजर हलत नाही: मारणारा माहेरचा भाऊ, मरणारी पोटची मुलगी. नायिका फातेन हमामा असल्या तरी हा प्रसंग आई झालेल्या अमीनाबाईंचा आहे.

त्यांचा जन्म १९१०चा, नाईलच्या त्रिभुज प्रदेशातल्या तांता शहरातला. १९२४ मध्ये, म्हणजे चौदाव्या वर्षी, कैरोत युसुफ वहबी यांच्या रामसेस नाटक मंडळीत आल्या. ही मंडळी अश्रूंच्या, खणखणीत आवाजाच्या नाटकांसाठी प्रसिद्ध. मायक्रोफोन नसलेल्या थिएटरात शेवटच्या रांगेपर्यंत शब्द पोचवायचा, तर स्वर ओढावा लागतो, हातवारे मोठे करावे लागतात. तीच सवय कॅमेऱ्यासमोर अंगाशी येते. आपल्याकडे बालगंधर्वांसारखा नट १९३५ मध्ये प्रभातच्या ‘धर्मात्मा’त एकनाथ झाला, पण प्रभातबरोबरचा त्यांचा दुसरा चित्रपट झालाच नाही. अमीनाबाईंनी मात्र हे वळण पार केलं. वहबींबरोबरचा त्यांचा ‘अवलाद अल-झवात’ १९३२चा, म्हणजे आपल्या ‘अयोध्येचा राजा’च्या वर्षीचा, इजिप्तच्या पहिल्या बोलपटांत तो मोडतो.

नाटकातला आवाज त्यांनी टाकून दिला नाही, राखून ठेवला, असं माझं मत आहे. ते तपासायला सलाह अबू सैफ यांचा ‘बिदाया व निहाया’ पाहा. १९६०चा, नजीब महफूझ यांच्या कादंबरीवरचा. घरचा कर्ता गेलाय, पेन्शनचा पत्ता नाही, तीन मुलगे, एक मुलगी, आणि घरातलं सामान एकेक करून विकायला निघतंय. ओमर शरीफ यांनी केलेला धाकटा मुलगा ताडताड बोलतो, सना गमील यांनी केलेली मुलगी नफीसा आतल्या आत जळते, आणि आई हिशेब करते. इथे घाई करू नका. पहिल्यांदा गोष्टीसाठी पाहा, दुसऱ्यांदा फक्त आईकडे लक्ष ठेवा, विशेषतः दुसरं कुणी बोलत असताना. छोट्या मोबाइलवर हे निसटतं.

पडद्यावर त्या कित्येकांच्या आई झाल्या, प्रत्यक्षात लग्न केलं नाही. मधली बरीच वर्षं सोडून थेट १९९१च्या ‘किट कॅट’वर आलात तरी चालेल. दाऊद अब्देल सय्यद यांच्या या चित्रपटात त्या आंधळ्या शेख हुस्नीच्या म्हाताऱ्या आई आहेत. त्याच वर्षी शूरा कौन्सिल या वरिष्ठ सभागृहावर त्यांची नेमणूक झाली.

शेवटी ‘नासर ५६’ (१९९६). अहमद झकी इजिप्तचे अध्यक्ष नासर झालेत, आणि अमीनाबाईंच्या वाट्याला जेमतेम एक प्रसंग आहे: सुएझ कालवा खणताना मेलेल्या आपल्या घरच्या माणसाचा कपडा घेऊन आलेली खेडवळ म्हातारी. वय शहाऐंशीच्या आसपास. बहात्तर वर्षं रंगभूमीवर आणि कॅमेऱ्यासमोर गेली होती, आणि हातात फक्त तो कपडा होता.