वर्गमूळ २५२.५

खेळण्याचं गणित दहावीला शिकवणाऱ्या कुठल्याही मास्तराला झोपेतून उठवून विचारा. खाली अर्धगोल, वर शंकू, दोघांची त्रिज्या ३.५ सें.मी., खेळण्याची एकूण उंची १५.५ सें.मी. एकूण पृष्ठफळ काढा. साडेपंधरातून अर्धगोलाचे साडेतीन वजा केले की शंकूची उंची १२, तिरपी उंची १२.५ आणि उत्तर २१४.५ चौ. सें.मी. आकडे बेतूनच घेतलेले असतात. १५६.२५ चं वर्गमूळ स्वच्छ सुटतं, २२/७ मधला सात साडेतीनला कापून अकरा उरतात. पाठ्यपुस्तकातलंच गणित आहे. एनसीईआरटीचं मूळ पुस्तक, त्याचं आमच्याकडे मराठी भाषांतर.

मी कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका मराठी माध्यमाच्या हायस्कुलात गणित शिकवतो. आमच्याकडे दहावी म्हणजे एसएसएलसी, एकूण ६२५ गुण. गणिताला ८० लेखी आणि २० अंतर्गत. ३८ प्रश्न, सव्वातीन तास, आणि त्यातली पहिली पंधरा मिनिटं निव्वळ पेपर वाचायची. ही पंधरा मिनिटं मुलं कशी घालवतात हे पाहण्यासारखं असतं. निम्मी खिडकीबाहेर बघतात. उरलेली पानं उलटून आलेख आलाय का तेवढं बघतात, कारण आलेखाचे चार मार्क आम्हीच त्यांच्या हाडामासात भिनवलेले असतात.

बाहेरच्यांना हे कळायचं नाही, म्हणून थोडं सांगतो. डिसेंबर उजाडला की वर्गाचे तट पडतात. पहिल्या फळीतली मुलं पुढे सरकतात आणि शेवटच्या फळीला मिळतं ‘पासिंग पॅकेज’. दोन चलांतल्या समीकरणांचा आलेख, थेल्सचं प्रमेय, स्पर्शिकांचं प्रमेय, मध्य-मध्यक-बहुलक, वर्गमूळ तीन अपरिमेय असल्याची सिद्धता. एवढंच घोटायचं. आम्ही प्रत्येकी पाच-सहा मुलं ‘दत्तक’ घेतो. पहाटे पाचला त्यांच्या घरी फोन करून उठवायचं, आठवड्यातून एकदा घरी जाऊन यायचं, भेटीची नोंद वहीत करायची. काजूच्या हंगामात घरी गेलं तर पोर घरात नसतं, तीही नोंद करायची. पहाटेच्या फोनवर बाप ‘हां, उठलाय’ म्हणतो आणि पाठीमागे घोरणं ऐकू येतं. २०२४ साली परीक्षा केंद्रांतल्या कॅमेऱ्यांचं वेबकास्टिंग सुरू झालं. राज्याचा निकाल आदल्या वर्षीच्या ८३.८९ टक्क्यांवरून ७३.४० वर आला, तोही ग्रेस गुण दहा टक्क्यांवरून वीस टक्क्यांवर नेऊन. तेव्हापासून निकालाचा आकडा हाच प्रत्येक मीटिंगचा पहिला आणि शेवटचा विषय.

माझ्या पॅकेजात एक जादा कलम होतं, आणि मला त्याचा अभिमान होता. खेळणं दिसलं की डोळे मिटून ‘तिरपी उंची = १२.५’ लिही, मग अकरा गुणिले साडेएकोणीस. चार मार्क खिशात.

तर फेब्रुवारीतली पूर्वतयारी परीक्षा. पेपर तयार कुठे झाला, छापला कुणी, ते लिहीत नाही. कन्नडमध्ये काढलेला आणि मराठीत उतरवलेला, एवढं पुरे. सुपरव्हिजन माझ्याकडेच होतं. साडेबाराच्या सुमारास फेरी मारताना तिसऱ्या बाकावर एक मुलगी अडलेली दिसली. वर्गातली मधल्या फळीतली. ना हुशारांच्या यादीत, ना पॅकेजात. आमच्या सगळ्या व्यवस्थेत सर्वांत कमी लक्ष अशा मुलांकडे जातं, कारण ती नापासही होणार नसतात आणि फोटोतही येणार नसतात.

पानाच्या कडेला तिनं भागाकार पद्धतीनं वर्गमूळ मांडलं होतं. २५२.५०. जोड्या पाडलेल्या, त्यांवर आडव्या रेघा. एक, मग पंचवीस पाचा सव्वाशे, उरले सत्तावीस. पन्नास खाली. तीनशे आठ आठा २४६४, उरले २८६. दोन शून्यं खाली. ३१६९ नव्वा २८५२१. वर उत्तर १५.८९. ही पद्धत आठवीत होते आणि नववीपर्यंत मुलं ती धुऊन टाकतात. दहावीच्या पेपरात कुणी ती मांडलेली मी कित्येक वर्षांत पाहिली नव्हती. क्षणभर बरंच वाटलं. मग विचार आला, २५२.५ हा आकडा आला कुठून?

तिनं वर बघून हळूच विचारलं, “सर, असलं विचित्र मूळ येतंय. असंच असतंय काय?”

मी तिच्याच पेपरातला प्रश्न वाचला. ‘शंकूची उंची १५.५ सें.मी.’ ‘एकूण’ नाही, ‘खेळण्याची’ नाही. साडेपंधराचा वर्ग २४०.२५, साडेतीनचा १२.२५, बेरीज २५२.५. तिचं अक्षर न् अक्षर बरोबर होतं.

आमच्या शाळेत कन्नड पेपर येतच नाही. वऱ्हांड्यात येऊन मी बैलहोंगलकडच्या एका मित्राला फोन लावला. बेळगावात आम्ही बी.एड. एकत्र केलं, तो कन्नड माध्यमाला गणित शिकवतो. दोन मिनिटांत व्हॉट्सॲपवर फोटो आला. त्यात स्वच्छ होतं, ‘आटिकेय ओट्टु एत्तर’. खेळण्याची एकूण उंची. खाली त्यानं मराठीत लिहिलं होतं, “काय रे, तुमचा शंकू आमच्यापेक्षा उंच?” मला हसू आलं आणि रागही आला. त्याच्यावर नव्हे. त्रिज्या, व्यास, शंकू, अर्धगोल हे सगळे शब्द दोन्ही भाषांत जवळजवळ तेच. नेमका ‘ओट्टु’ तेवढा वेगळा, आणि तेवढाच गळला.

वर्गात येऊन मी दुरुस्ती सांगितली. वेळ थोडा उरला होता. तोवर तिनं उत्तरही काढलं होतं, २५१.७९. पेन उचलून म्हणाली, “खोडू काय सर?”

मी म्हणालो, “खोडू नकोस.”

का म्हणालो ते अजून नीट सांगता येत नाही. तपासताना बघून घेऊ, असं काहीतरी डोक्यात असावं. पण पूर्वतयारीच्या उत्तरपत्रिका आम्ही शाळाशाळांत बदलून तपासतो. तिची दुसऱ्या शाळेत गेली, दुरुस्तीचं तिथे कुणाला ठाऊक नव्हतं आणि उत्तरसूचीत २१४.५. तिला चारातले दोन मिळाले. सूत्राचा एक, अर्धगोलाचा एक. मागच्या बाकावरच्या, माझ्या दत्तक पोराला चारपैकी चार. त्यानं उंची वाचलीच नव्हती. १२.५ लिहिलं, अकरा गुणिले साडेएकोणीस केलं, मोकळा झाला. मी शिकवलं होतं तसंच.

दोन मार्कांनी तिचं काही बिघडलं नाही. तिच्या एकूण गुणांत ते दिसतही नाहीत. पण आकडे समोर ठेवले तेव्हा मला गरगरलं. बारा जणांनी ते गणित सोडवलं होतं. ज्यांनी पुस्तक पाठ केलेलं त्यांना पूर्ण मार्क. ज्यांनी पेपरात लिहिलेलं वाचलं, अशी चार मुलं, चौघांचे मार्क गेले.

स्टाफरूममध्ये मी विषय काढला. आमच्या मराठीच्या बाई असे शब्द गेली किती वर्षं लाल पेनानं गोल करून ठेवतात. त्यांच्या कपाटात पेपरांचा गठ्ठाच आहे. त्या शांतपणे म्हणाल्या, “अर्ज करा. कन्नडमध्ये करा, म्हणजे वाचतील.” मराठी पेपर चुकलाय हे सांगायला कन्नड अर्ज. मी केला. पत्रलेखनात माझं कन्नड बरं आहे, मित्रानं दोन ठिकाणी सुधारून दिलं. उत्तर यायचंय. दुसरे एक सर म्हणाले, “फायनलला असं होत नाही हो, उगाच मनावर घेता.” होत नाही, हे त्यांना कुणी सांगितलं कोण जाणे. आणि गावातली मंडळी! १ नोव्हेंबरला, सीमाभागातल्या काळ्या दिनाच्या फेरीत मराठीसाठी घसा बसेपर्यंत घोषणा देतील, व्याख्यानमालेच्या उद्घाटनाला फेटे बांधून येतील. मराठी माध्यमाच्या पोराच्या हातात पडलेला कागद त्यांतल्या एकानंही कधी मागून वाचल्याचं मला आठवत नाही. त्यांची स्वतःची पोरं इंग्रजी माध्यमात असतात, तो भाग वेगळा.

उत्तरपत्रिका वाटायच्या दिवशी मी तिला टेबलापाशी बोलावलं. कन्नड पेपरचा फोटो दाखवला. तिला कन्नड बरं वाचता येतं, घराशेजारी कन्नड बोलणारी माणसं आहेत. तिनं ओळीवर बोट फिरवलं आणि ‘ओट्टु’वर थांबली.

“हां,” म्हणाली. “एकूण.”

मी तिला म्हणालो, “पुढं असं ओंगळ वर्गमूळ आलं की समज, पेपर चुकलाय. पुस्तकातलं गणित आठव आणि तसं सोडव.”

ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग, कसलाही खोच नसलेल्या आवाजात विचारलं, “मग पेपरातलं मराठी कशाला वाचूचं सर?”

घंटा झाली होती. मी म्हणालो, “जा, बाकीच्यांचे पेपर वाट.”

मार्चच्या पेपरात ते खेळणं आलं नाही. ती बाहेर आली तेव्हा मी गेटपाशी होतो. सोपा होता म्हणाली. प्रत्येक प्रश्न दोनदा वाचला, एकदा मराठीतून आणि एकदा मनातल्या मनात कन्नड करून, म्हणून शेवटचा तीन मार्कांचा राहिला. पंधरा मिनिटं पुरली नाहीत, असंही म्हणाली.

तिची ती पूर्वतयारीची उत्तरपत्रिका माझ्याच ड्रॉवरमध्ये राहिली आहे. लाल दोनाशेजारी मी पेन्सिलनं चार लिहिलेत. सोमवारी नव्या दहावीला पृष्ठफळाचा धडा घ्यायचाय. पॅकेजाच्या कागदावर ‘खेळणं = १२.५’ ही ओळ अजून आहे.