डोळा लवतोय म्हणजे टेन्शन आहे?

बाईचा डावा डोळा लवला की शुभ, असं सासूबाई म्हणाल्या. दोन महिन्यांत उजवाही लवू लागला. मी कराडला एका पतसंस्थेत कॅशियर. नोटा मोजता मोजता दोन्ही पापण्या गच्च मिटायच्या. एका खातेदाराला वाटलं, मी डोळा मारते. तो रोज यायला लागला! हसू येतं आता. तेव्हा घरी येऊन रडले होते.

उन्हात तर डोळे उघडायचेच नाहीत. स्कूटी सुटली. आठ महिने थेंब घातले, चष्मा बदलला. मग एका डॉक्टरांनी निदान केलं, "टेन्शन घेऊ नका." गंमत म्हणजे अभंग गुणगुणला की पापण्या सुटायच्या. यावर आमच्या ह्यांचं म्हणणं, "गाताना बरे उघडतात!"

पुण्याच्या मेंदूविकारतज्ज्ञांना मी हे घाबरतच सांगितलं. ते म्हणाले, गाण्याने किंवा कानशिलाला बोट लावल्याने डोळा उघडणं ही या आजाराची खूणच आहे. ब्लेफरोस्पाझम. पापणी मिटणाऱ्या स्नायूला मेंदूकडूनच चुकीचा हुकूम सुटतो. इलाज म्हणजे पापण्यांभोवती बोटॉक्सची (स्नायू सैल करणाऱ्या औषधाची) इंजेक्शनं, साधारण दर तीन महिन्यांनी. पहिल्या वेळी एक पापणी काही दिवस लोंबली, पण डोळे उघडले.

मी मात्र उघडले नाही. हळदीकुंकू टाळायचे, पहाटे तीनला जाग यायची, जेवण नकोसं. हे कुणाला सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर "बघ, टेन्शनच होतं" म्हणणारे सगळे खरे ठरले असते. वर्षभर मी त्या हट्टापायी उदास राहिले.

शेवटी इंजेक्शनच्या वेळी डॉक्टरांनीच झोपेचं विचारलं. म्हणाले, या आजारात उदासी, भीती बऱ्याच जणांना असते; डोळे सुधारले म्हणून ती जाईलच असं नाही, तिचा वेगळा इलाज करायचा. मनोविकारतज्ज्ञांनी आधी मेंदूच्या डॉक्टरांची फाईल मागितली, कारण मनाच्या काही औषधांनी चेहऱ्याच्या अशा हालचाली वाढू शकतात. गोळीचे पहिले तीन आठवडे काही वाटलं नाही. मग एके दिवशी पाचपर्यंत झोपले.

बाराव्या आठवड्याच्या सुमारास इंजेक्शनचा असर उतरतो. तेव्हा काउंटरवर बसत नाही, मागे व्हाउचर लावते. साहेबांना कारण सांगितलंय, गोळ्यांसकट.