ड्यूकची गादी आणि आईचे प्रश्न

आई भारतातून आली की तिला चॅट्सवर्थचा महाल दाखवायचा, हे ठरलेलंच. इंग्लंडातल्या शेफील्डहून गाडीनं तासाच्या आत पोचतो. महालात तिचं मन काही रमलं नाही ("एवढी झाडलोट करतं कोण?"). शेजारच्या गावातल्या चर्चमागच्या चढावर मात्र ती रेंगाळली. गावाचं नाव लिहितात एडेन्सर, म्हणतात एन्सर. महाल ज्यांचा, त्या ड्यूक ऑफ डेव्हनशायर (ड्यूक म्हणजे सरदारांतला सर्वांत वरचा किताब), म्हणजे कॅव्हेंडिश घराण्याची थडगी तिथं आहेत. घराणं नांदतं डर्बिशायरात आणि किताब डेव्हनशायरचा! थडगी मात्र अगदी साधी, गवतात उभे केलेले दगड.

एका दगडावर कॅथलीन, 1920 ते 1948. जॉन केनेडींची ही बहीण. अध्यक्ष असताना, जून 1963 मध्ये, ते इथं येऊन गेले. तसं लिहिलेली फरशीही जमिनीत बसवलीय. कॅथलीननं मे 1944 मध्ये दहाव्या ड्यूकच्या थोरल्या मुलाशी, विल्यमशी लग्न केलं. चार महिन्यांत तो बेल्जियममध्ये लढाईत पडला. मूलबाळ नव्हतं. पुढं चार वर्षांनी तीही विमान अपघातात गेली.

"मग गादी सुनेला नाही मिळाली?"

नाही. सनदेत लिहिलेलं असतं, औरस पुरुष वारस. सून नाही, लेक नाही, दत्तक तर नाहीच. त्यामुळं धाकटा अँड्र्यू 1950 साली अकरावा ड्यूक झाला. सोबत ऐंशी टक्के वारसाकरही आला. बापानं मालमत्ता आधीच दुसऱ्याच्या नावावर केली होती, पण कर टळायला नंतर पाच वर्षं जगणं जरुरीचं होतं आणि ती भरायला काही आठवडे उरले असताना तो गेला. करापोटी हार्डविक हॉल नावाचा अख्खा वाडा सोडावा लागला.

गादीनं अशी आडवी उडी पूर्वीही मारली होती. सहावा ड्यूक बिनलग्नाचा, 1858 मध्ये गेला, गादी चुलत घराकडं. आठव्याला मूल नव्हतं, 1908 मध्ये ती पुतण्याकडं. किताब कुणाला द्यायचा हे ड्यूकच्या हातात नसतंच. आपल्याकडं निदान दत्तकाची सोय होती.

"होती म्हणजे?" आई मूळची साताऱ्याची. 1848 साली साताऱ्याच्या राजानं मरताना घेतलेला दत्तक कंपनीनं नाकारला आणि राज्य खालसा केलं, हे तिला शाळेपासून पाठ. तेव्हा गव्हर्नर जनरल डलहौसी. परतताना गाडीत तिला त्याचीच गोष्ट सांगितली. त्याला हिंदुस्थानातल्या कामगिरीबद्दल 1849 मध्ये मार्क्विस केलं, म्हणजे ड्यूकच्या खालचा किताब दिला. त्याला दोन मुली, मुलगा नाही. 1860 मध्ये तो गेला आणि मार्क्विसचा किताब त्याच्याबरोबरच संपला. घराण्याची जुनी, त्याहून खालच्या अर्ल या किताबाची गादी तेवढी चुलत भावाकडं गेली.

आई थोडा वेळ खिडकीबाहेर मेंढ्या बघत होती.

"मग दत्तक घ्यायचा होता की त्यानं," ती म्हणाली आणि पिशवीतून दशमीचा डबा काढला.