एका रेषेतून तबकडी वाचताना

पहिल्या रात्री तारा स्लिटवर, म्हणजे वर्णपटमापकाच्या अरुंद फटीवर, आला तेव्हा माझे हात गार पडले होते. दोन मीटरची हिमालयन चंद्रा दुर्बीण लडाखात, हानलेला, साडेचार हजार मीटर उंचीवर; आणि मी बंगळुरूजवळच्या होसकोटेत, मॉनिटरसमोर.

तारा होता ए०५३५+२६, वृषभ राशीतला. १९७५ साली एरियल-५ उपग्रहाला तो क्ष-किरणांत सापडला. खरं तर ही जोडी आहे. त्यातला मोठा तारा इतक्या वेगाने स्वतःभोवती फिरतो, की त्याच्या विषुववृत्तावरून वायू सुटून भोवती तबकडी तयार होते. जोडीदार न्यूट्रॉन तारा, म्हणजे मेलेल्या ताऱ्याचा अतिघन गाभा, १११ दिवसांच्या लांबट कक्षेत फिरतो. तो जवळ येऊन तबकडीतला वायू ओढतो तेव्हा क्ष-किरणांचा उद्रेक होऊ शकतो. २०२० च्या नोव्हेंबरातला तर प्रचंड होता. तबकडी किती भरली आहे हे अशा उद्रेकाआधी कळावं, म्हणून हा सगळा खटाटोप.

ही तबकडी कुठल्याच फोटोत दिसत नाही. अंतरच सुमारे सहा हजार प्रकाशवर्षं. दिसते ती फक्त तिची खूण: वर्णपटात ६५६३ अँगस्ट्रॉमला वर आलेली हायड्रोजन-अल्फा रेषा.

मी पाच मिनिटांचं एक्स्पोजर दिलं. वर्णपट झकास दिसत होता, पण रेषेचं टोक सपाट. नवव्या प्रतीच्या ताऱ्याला पाच मिनिटं फार झाली होती, डिटेक्टर तिथे भरून गेला होता. नेमकं जे मोजायचं तेच गेलं. मग तीस-तीस सेकंदांची एक्स्पोजर घेतली आणि प्रत्येक वेळी आधी काउंट, म्हणजे डिटेक्टरवर जमलेल्या प्रकाशाचे आकडे, तपासले.

खरी परीक्षा पुढे होती. आयराफ या वर्णपट मोजायच्या सॉफ्टवेअरमध्ये रेषेच्या दोन्ही बाजूंना कर्सर नेऊन दोनदा 'ई' दाबलं, की समतुल्य रुंदी मिळते, म्हणजे रेषा किती जोरदार आहे आणि त्यावरून तबकडी किती मोठी, हे सांगणारा आकडा. पाच रात्रींचे आकडे ओळीने वाढत गेले. तबकडी फुगतेय! मी धावतच सरांकडे गेले. ते म्हणाले, "पहिल्या रात्रीचा वर्णपट परत मोज. माझ्यासमोर."

आकडा वेगळा आला. तिसऱ्यांदा आणखी वेगळा. कर्सर जरा वर टेकला की पायाची रेषा तिरकी होते, आणि रेषेचे पसरट पंख कधी आत येतात, कधी बाहेर राहतात. त्या वाढीत माझ्या हाताचा वाटा किती, हे मला सांगता येईना. दोन दिवस अन्न गोड लागलं नाही.

मग दोन्ही बाजूंच्या तरंगलांब्या ठरवून घेतल्या, आधी कंटिन्यूअम, म्हणजे रेषेखालचा वर्णपटाचा पाया, एकसारखा केला, आणि प्रत्येक वर्णपट दहा वेळा मोजून सरासरीसोबत मोजमापातली संभाव्य चूकही लिहिली. वाढ निम्म्यावर आली. पण उरली, आणि ती या संभाव्य चुकीपेक्षा मोठी होती. मला हा लहान आकडाच जास्त जवळचा वाटतो.

तबकडीची एक बाजू आपल्याकडे येते, दुसरी दूर जाते, त्यामुळे रेषेला दोन शिखरं पडू शकतात. आमच्या ग्रिझमला, म्हणजे प्रकाशाचा वर्णपट पाडणाऱ्या भागाला, सेकंदाला दीडशे किलोमीटरहून लहान फरक वेगळा काढता येत नाही, म्हणून मला फक्त एका बाजूला झुकलेला उंचवटा दिसतो. दोन शिखरं वेगळी दिसायला जास्त विभेदन देणारा, म्हणजे अधिक बारीक फरक दाखवणारा, वर्णपटमापक हवा. तो प्रस्ताव लिहायला घेतलाय.

जूनच्या आसपास वृषभ सूर्याच्या मागे जाते. माझ्या आलेखात तिथे रिकामी जागा आहे, आणि यंदा न्यूट्रॉन ताऱ्याची एक जवळची फेरी नेमकी त्याच जागेत पडतेय.