सांगलीचे नाटक आणि त्यातला लिहिलेला शब्द

मराठी वाङ्मयाच्या इतिहासात नाटकाचे प्रकरण बहुधा ५ नोव्हेंबर १८४३ या दिवसापासून सुरू होते. सांगली संस्थानचे अधिपती चिंतामणराव ऊर्फ अप्पासाहेब पटवर्धन यांच्या आश्रयाने विष्णुदास भावे यांनी त्या दिवशी ‘सीतास्वयंवर’ सादर केले. आम्हा सांगलीकरांना ही तारीख पाठ असते, कारण रंगभूमी दिन म्हणून ती दरवर्षी साजरी होते आणि त्याच दिवशी भावे यांच्या नावाचे गौरवपदक ज्येष्ठ रंगकर्मींना दिले जाते. या कौतुकात एक गोष्ट मात्र सहसा बोलली जात नाही. ज्या नाटकापासून आपण नाट्यवाङ्मयाचा आरंभ मोजतो, त्या नाटकातील पात्रांची भाषणे कोणी लिहून ठेवलेलीच नव्हती.

भावे यांच्यापुढे नमुना होता तो कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींच्या खेळांचा. ते खेळ पाहून अप्पासाहेबांनी तसेच काही मराठीत करण्यास सांगितले आणि कळसूत्री बाहुल्या घडविण्यात हात बसलेल्या या तरुणाने ते मनावर घेतले. त्याने रचली ती आख्यानावरची पदे. ती सूत्रधार गात असे. पात्रे त्या पदाच्या अर्थाला धरून अभिनय करीत आणि मग त्याच आशयाचे बोलणे आपल्या बुद्धीप्रमाणे जागच्या जागी जुळवीत. आरंभी गणपती आणि सरस्वती येऊन जात, विदूषक हशा पिकवीत असे आणि राक्षसांच्या आरोळ्यांवरून पुढे या खेळांना ‘अललडुर्र’ हे थट्टेचे नावही पडले. नाटकातला अधिकृत शब्द अशा रीतीने सूत्रधाराकडे होता. सीतेने किंवा रावणाने काय बोलावे, हे त्या रात्रीच्या नटावर सोपवलेले असे.

भावे यांना आद्य नाटककार म्हणावे की नाही, हा वाद जुना आहे. तंजावरच्या भोसले राजांच्या दरबारात सतराव्या शतकाच्या अखेरीस मराठी नाटके रचली गेली होती, ही गोष्ट नाकारता येत नाही. पण त्या नाटकांचा धागा कृष्णाकाठापर्यंत पोहोचला नाही, आणि पुढची धंदेवाईक रंगभूमी उभी राहिली ती भावे यांच्या मंडळीच्या वाटेने. १८५१ मध्ये अप्पासाहेब निवर्तले आणि दरबारचा आधार सुटला, तेव्हा मंडळीला गावोगाव फिरणे भाग पडले. १८५३ मध्ये ती मुंबईत खेळ करीत होती. नाटक राजवाड्यातून तिकीट काढणाऱ्या प्रेक्षकाकडे गेले ते असे, नाइलाजाने. तारखेच्या मानाने मला हा बदल अधिक महत्त्वाचा वाटतो. भावे यांनी आपली नाट्यपदे छापली ती १८८५ मध्ये, म्हणजे पहिल्या प्रयोगानंतर चाळीसहून अधिक वर्षांनी. तोवर काळ पुढे निघून गेला होता.

कारण मधल्या काळात संपूर्ण लिहिलेले नाटक मराठीत आले होते. विनायक जनार्दन कीर्तने यांचे ‘थोरले माधवराव पेशवे’ १८६१ चे. त्यात पात्रांची भाषणे लेखकाने लिहिलेली होती. पुढे अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० मध्ये पुण्यात ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणले, तेव्हा सूत्रधाराकडचे गाणेही पात्रांच्या तोंडी गेले. शकुंतलेचे पद शकुंतलेनेच म्हणायचे, ही आज साधी वाटणारी गोष्ट तेव्हा नवी होती.

किर्लोस्करांचे शिष्य गोविंद बल्लाळ देवल यांचा जन्म १८५५ चा, सांगलीला लागून असलेल्या हरिपूरचा. कृष्णा आणि वारणा यांच्या संगमावरचे हे गाव बाहेरच्यांना संगमेश्वराच्या देवळासाठी किंवा हळदीच्या पेवांसाठी ठाऊक असते. मराठी संवादाच्या इतिहासात त्याचे स्थान त्याहून कमी नाही, असे मी आग्रहाने म्हणेन. देवलांची बहुतेक नाटके संस्कृत किंवा युरोपीय नाटकांवर बेतलेली आहेत. पूर्णपणे स्वतंत्र म्हणावे असे एकच, १८९९ चे ‘शारदा’. पैशाच्या लोभाने मुलीला म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधू पाहणारा बाप, लग्नाला उतावीळ झालेला भुजंगनाथ, मध्यस्थी करणारा भद्रेश्वर दीक्षित, ही सारी माणसे घरात बोलावे तसे बोलतात. देवल हे नाटक मंडळीत तालीम देणारे मास्तर होते आणि वाक्य नटाच्या जिभेवर कसे बसते, हे त्यांना कानाने कळत होते. (१९२९ च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्याला सारडा कायदा म्हणतात तो हरबिलास सारडा यांच्या नावावरून, नाटकाशी त्याचा संबंध जोडणारे लोक मला अजूनही भेटतात.)

देवलांची भाषा घरातली, तर कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांची सभेतली. १८७२ मध्ये सांगलीत जन्मलेले खाडिलकर ‘केसरी’त टिळकांचे सहकारी होते आणि अग्रलेखाची धार त्यांनी पात्रांच्या तोंडी दिली. १९०७ च्या ‘कीचकवधा’त प्रेक्षकांना कीचकाच्या जागी लॉर्ड कर्झन दिसला. सरकारलाही तो दिसला आणि १९१० मध्ये नाटकावर बंदी आली. भावे यांच्या खेळावर अशी बंदी घालायची म्हटली असती तरी जप्त करण्यासारखे भाषण हाती लागले नसते.

यानंतरचा प्रवास सरळ पुढे गेला असता, तर मला बरे वाटले असते. पण १९११ मध्ये याच खाडिलकरांचे ‘मानापमान’ आले, गोविंदराव टेंबे यांच्या चालींनी महाराष्ट्र वेडा झाला आणि ‘वन्स मोअर’च्या गजरात पदे पुन्हा पुन्हा म्हटली जाऊ लागली. संगीत रंगभूमीवर माझेही प्रेम आहे. तरीही त्या मैफलींत संवादाला दुय्यम जागा मिळाली, हे मान्य करावे लागते. देवलांनी १८९३ मध्ये ‘फाल्गुनराव’ हे नाटक निव्वळ गद्यात लिहिले होते. त्यात पुढे पदे घालण्यात आली आणि १९१६ मध्ये, देवल वारले त्याच वर्षी, गंधर्व नाटक मंडळीने ते ‘संशयकल्लोळ’ या नावाने रंगभूमीवर आणले. आज ते याच रूपात खेळले जाते आणि मूळचे गद्य नाटक उघडून पाहणारे वाचक फार थोडे आहेत.