टेबल नदीवर, खोली काठावर

पणजी, रविवार, रात्र

दोन दिवस ‘कॅसिनो हॉटेल’ असं छापलेल्या खोलीत काढले आणि मन खट्टू झालं. घोळ त्या शब्दातच आहे. गोव्याच्या १९७६च्या जुगार कायद्यात पुढे १३-अ कलम आलं. त्यानुसार पंचतारांकित हॉटेलात फक्त यंत्रावरचे खेळ चालतात. माणसाने पत्ते वाटायची टेबलं जहाजावरच. म्हणून हॉटेलातलं रूले (आकड्यांचं फिरतं चाक) काचेखाली आपोआप फिरतं आणि पैज पडद्यावर बोट टेकवून लावायची. तीन पत्ती, अंदर-बाहर समोरासमोर बसून खेळायचं तर मांडवी नदीतलं जहाज गाठावं लागतं, त्याचा प्रवेश वेगळा. तो भाड्यात धरलाय का, हे बुकिंगआधी लेखी घ्यावं. तोंडी ‘हो’ काउंटरवर चालत नाही. (महाराष्ट्रानेही १९७६ सालीच कॅसिनोला परवानगी देणारा कायदा केला होता. तो कधी लागू झाला नाही आणि २०२३ मध्ये रद्द झाला. म्हणून आपली गर्दी इथे.)

सगळ्यात जास्त हिरमोड पॅकेजमधल्या ‘फुकट’ चिपांनी (पैशाऐवजी लावायच्या चकत्यांनी) होतो. त्या बहुधा एकदाच लावता येतात, रोख करून मिळत नाहीत. हरलं तर गेल्या. जिंकलं तर फक्त जिंकलेली रक्कम हाती, मूळ चिप जमा. एक शून्य असलेल्या रूलेत लाल किंवा काळ्या रंगावर जिंकण्याची शक्यता ३७ पैकी १८. म्हणजे २,००० रुपयांच्या अशा चिपांची खरी किंमत साधारण ९७० रुपये. पॅकेजची तुलना याच आकड्याने करावी.

स्वतःच्या पैशाने चिपा घेताना २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के जीएसटी लागतो. कर आत धरला तर १०,००० रुपयांत चिपा मिळतात जेमतेम ७,१४० च्या. न खेळता परत केल्या तरी कर सुटत नाही, त्यामुळे थोड्या थोड्याच घ्याव्यात. जिंकलेल्या चिपा पुन्हा लावल्या तर मात्र पुन्हा कर नाही.

वय २१ पूर्ण हवं, मूळ ओळखपत्र जवळ ठेवावं, हाफ पँट आणि चप्पल टाळावी. गोव्यात राहणाऱ्या नातेवाइकांना २०२० पासून खेळायला प्रवेश नाही. त्यांना सोबत चला म्हणू नये.

आणि झोप. नदीकडच्या खोलीला जास्त पैसे मोजायचे आणि रात्रभर जहाजांवरची गाणी ऐकायची, हे फार वाईट. मागच्या अंगाची, लिफ्टपासून लांबची, वरच्या मजल्यावरची खोली मागावी. चेक-इनच्या वेळीच मागावी. मध्यरात्री बदलून मिळत नाही.